विषय: इंजिन गाडीतच बांधावं की खाली उतरवावं?

प्रेषक: ट्रकमालक सभासद

नमस्कार मंडळी,

१५ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, १३ लाख किलोमीटर पार झालेत. हजार किलोमीटरला लिटरभराहून जास्त ऑइल खातं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सतत धूर येतो, थंडीत बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. चढावर ओढही कमी वाटते. मेकॅनिक इंजिन उतरवून फुल काम करा म्हणतो. हाफ इंजिनात, म्हणजे इंजिन गाडीतच ठेवून पिस्टन-रिंगांचं काम करून, भागेल का? की तयार बांधलेलं इंजिनच बदलून घ्यावं?

---

प्रेषक: वर्कशॉपवाले सभासद

दादा,

नुसत्या किलोमीटरवर काही ठरवू नका. आणि ओढ कमी होणं हे इंजिन झिजल्याचं लक्षण म्हणून धरूच नका. इंटरकूलरचा पाइप फाटला, डिझेल फिल्टर चोंदला, टर्बो थकला, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबला, तरी ओढ जाते. ते वेगळं तपासा. ऑइल खाणं, बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या बाजूने खाली गळून ब्रीदरमधून येणारा गॅस) आणि थंडीतला जड सेल्फ ही तिन्ही एकत्र आली की मात्र पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) यांचा संशय घ्यायचा.

बॅक कॉम्प्रेशन धूर बघून ठरवू नका, मोजून घ्या. ब्रीदरला कंपनीने सांगितलेल्या भोकाचं टूल लावायचं, मॅनोमीटर (दाब मोजायचं साधन) जोडायचा आणि इंजिन पूर्ण लोडवर असताना वाचन घ्यायचं. आकडा मर्यादेबाहेर गेला तरी लगेच पिस्टनवर खापर फोडू नका. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर झिजला असेल तर तोही चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) हवा ढकलतो. त्याचा हवेचा पाइप सोडून, म्हणजे त्याच्यावर दाब न ठेवता, पुन्हा मोजा. टर्बोचं सीलही असंच फसवतं. कॉम्प्रेसर सोडल्यावर दाब चांगलाच उतरला तर दोष त्याचा, इंजिनाचा नाही.

दुसरं, ऑइलचा नमुना लॅबला पाठवा. शक्यतो मागच्या दोन-तीन बदलांचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा. एकट्या आकड्यापेक्षा तो चढतोय का हे महत्त्वाचं. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग (तांबं एकटंच वाढलं तर ऑइल कूलरमधूनही येतं). सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलंट ऑइलात जातंय. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि लोखंड तिन्ही एकदम चढली तर इंजिन धूळ खातंय.

तिसरं, चेंबर उतरवून दोन मेन (क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) आणि दोन बिग एंड (पिस्टनच्या रॉडची) बेअरिंगच्या वाट्या काढून बघा. वाटी सगळीकडे सारखी करडी असेल तर ठीक. तांबूस थर उघडा पडला असेल तर संपली. क्रँकच्या जर्नलवरून (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावरून) नख फिरवा; नख अडकलं तर क्रँक ग्राइंडिंगला जाणार, म्हणजे इंजिन उतरणारच. क्रँकची पुढे-मागे खेळ डायल गेजने मोजा.

हे आकडे आल्याशिवाय हाफ की फुल हा प्रश्नच उद्भवत नाही.

---

प्रेषक: इंजिनकाम करणारे सभासद

वरच्या मेलशी सहमत, फक्त एक भर. बेअरिंग चांगली निघाली तरी हाफ इंजिनाचा खरा निकाल लायनर बाहेर काढल्यावर लागतो.

ब्लॉकमध्ये ज्या कडेवर लायनरची कॉलर बसते ती कड खाली बसली, खाल्ली गेली किंवा तडकली असेल तर नवा लायनर वर पुरेसा उंच राहत नाही. मग हेड गॅस्केट काही महिन्यांतच जाते आणि दोष गॅस्केटच्या माथी बसतो. प्रत्येक लायनरची उंची चार ठिकाणी मोजा, शेजारच्या लायनरशी तुलना करा. कड थोडीच गेली असेल तर गाडीतच कापून खाली शिम (पातळ चकती) घालता येते. तडा असेल तर ब्लॉक बाद, आणि तिथे तयार इंजिन घेणंच शहाणपणाचं.

जुन्या लायनरची बाहेरची बाजूही नीट बघा. पिस्टनच्या रेट्याच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर कूलंटची निगा राहिलेली नाही. लायनर थरथरतो, पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू पोखरतात. कूलंट न सुधारता नवे लायनर घातले तर तेही तसेच जातील.

---

प्रेषक: ट्रकमालक सभासद

आकडे आले. कॉम्प्रेसर सोडल्यावर दाब थोडाच उतरला, अजून मर्यादेबाहेर आहे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोखंड तिन्ही चढलेत. शिसं जागेवर, सोडियम नाही. वाट्या सारख्या करड्या, जर्नल गुळगुळीत, क्रँकची खेळ मर्यादेत. गरम आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) ऑइल प्रेशर ठीक.

---

प्रेषक: वर्कशॉपवाले सभासद

मग इंजिन उतरवायची गरज नाही. गाडीतच करा: लायनर, पिस्टन, रिंगा, सगळ्या वाट्या, ऑइल पंप तपासून, आणि हेड प्रेशर टेस्टला. पण आधी धूळ कुठून येते ते शोधा, नाहीतर लायनर-पिस्टनचा नवा किटही तिच्याच तोंडी जाईल. एअर फिल्टरनंतर इंजिनाकडे जाणारा प्रत्येक रबर पाइप आणि क्लॅम्प उघडून आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली की चोर त्याच्या आधीच्या जोडात.

ब्लॉकचा माथा साफ करताना ग्राइंडरची खरखरीत चकती मुळीच वापरू देऊ नका. तिची पूड ऑइलच्या वाटांत जाते आणि नव्या वाट्या थोड्याच दिवसांत खाते. पातं आणि सॉल्व्हंट, जर्नल झाकून, एवढंच.

लायनरच्या ओ-रिंगांना ऑइल लावायचं की साबणाचं पाणी हे किटच्या कागदात वाचा. काही रबर ऑइलने फुगतं आणि लायनर बसवताना कापलं जातं. पिस्टनखालचे ऑइलचे नोझल वाकलेले नाहीत ना बघा. नेम चुकला तर पिस्टन जळतो. रॉडच्या कॅपची अदलाबदल नको, रॉड आणि हेडचे बोल्ट नवे.

पहिला सेल्फ मारण्याआधी बाहेरून दाबाने ऑइल भरा, रॉकरवर ऑइल दिसेपर्यंत. चालू झाल्यावर तासन्‌तास आयडलला ठेवायचं नाही. गरम झालं, गळती बघितली, की लोड लावून रस्त्यावर. रिंगेमागे गॅसचा दाब गेला तरच ती लायनरला घासून बसते. नुसत्या आयडलने लायनर काचेसारखा चकचकीत होतो आणि इंजिन पुन्हा ऑइल खायला लागतं. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) पुन्हा सेट करा आणि त्या पहिल्या ऑइलचा नमुनाही लॅबला पाठवा. रिंगा बसताना लोखंड थोडं जास्त येईल, ते चालतं. सिलिकॉनचा आकडा पुढच्या नमुन्यातही उतरला नाही तर हवेचे पाइप पुन्हा उघडा.