मदत हवी आहे : ब्रॉयलर शेडमधील लिटर कोरडे कसे ठेवावे?

आमच्या ब्रॉयलर शेडमधील तुसाचे लिटर (पक्ष्यांखाली जमिनीवर अंथरलेला थर) नियमित हलवूनही पाणी पिण्याच्या निपलच्या रांगेखाली त्याच्या ढेपा बनतात, अमोनियाचा वास येतो आणि पक्ष्यांच्या तळपायांवर व्रण दिसतात, हे पाहवत नाही. लिटरमधील ओलावा साधारण २० ते २५ टक्के असावा, हे ठाऊक आहे. निपलची उंची व पाण्याचा दाबही तपासला आहे. खरा प्रश्न चुन्याचा आहे. चुना ओल शोषतो, परंतु त्याने लिटरचा सामू (पीएच) वाढून अमोनिया अधिकच सुटतो, म्हणून पक्षी आत असताना तो वापरणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी सामू कमी करणारी तुरटी किंवा सोडियम बायसल्फेट कोणी वापरले आहे का, आणि पिल्ले सोडण्यापूर्वी ते केव्हा व किती पसरावे, हे अनुभवी कुक्कुटपालकांनी कृपया सांगावे.