शब्दचर्चा : ‘केवडा’ हा रोग की केवळ रंग?

विचारणा : मी पीकसंरक्षणावरील एका संशोधन-अहवालाचा मराठी सारांश करीत आहे. त्यात द्राक्ष आणि बाजरी या दोन्ही पिकांवरील ‘डाऊनी मिल्ड्यू’ या पानांवर लव धरणाऱ्या रोगासाठी ‘केवडा’ हा शब्द मी वापरला; परंतु उसावरही ‘केवडा’ पडतो असे एका शेतकरी गृहस्थांनी सांगितल्यामुळे घोटाळा झाला आहे. हा एकच रोग समजावा काय?

उत्तर : नाही. केवड्याच्या कणसाचा जो फिकट पिवळा रंग, तोच रंग पानावर दिसला की शेतकरी ‘केवडा’ म्हणतो. म्हणजे हे नाव लक्षणाचे आहे, कारणाचे नव्हे. द्राक्षावर आधी पानाच्या वरच्या बाजूस पिवळसर तेलकट डाग उठतात आणि दमट हवेत त्याच जागी खालून पांढरी लव धरते; हे काम बुरशीसारख्या एका सूक्ष्मजीवाचे असते. उसाचा केवडा मात्र बहुधा चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह न मिळाल्यामुळे येतो आणि तो प्रथम कोवळ्या पानांच्या शिरांमधील भागात दिसतो. मूग-उडदावरील पिवळ्या मोझॅकलाही काही ठिकाणी केवडाच म्हणतात, आणि तो तर पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू आहे.

हा काथ्याकूट केवळ कोशकारांसाठी नाही. द्राक्षासाठी मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण (1885 साली फ्रान्सच्या बोर्डो भागात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पुढे आणलेले, त्यावरूनच हे नाव) फवारतात, तर उसाला हिराकस (लोहाचा क्षार) लागते. उसाच्या मळ्यात केवळ नाव ऐकून बुरशीनाशक मारले तर पैसा जातो, जमिनीत नको ते तांबे साठते आणि ऊस पिवळा तो पिवळाच राहतो. म्हणून सारांशात ‘द्राक्षाचा केवडा’, ‘उसाचा केवडा (लोहाची कमतरता)’ असे पिकासह आणि कारणासह लिहावे. दुसऱ्याला ‘रोग’ न म्हणता ‘विकृती’ म्हणणे मला अधिक नेमके वाटते.

पुरवणी : बाजरीसाठी ‘गोसावी’ हा शब्दही अवश्य नोंदवावा. या रोगात कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे झुपके फुटतात आणि ते जटांसारखे दिसतात. नाव त्यावरूनच पडले असावे. रोपावस्थेतील पिवळी पाने म्हणजे केवडा आणि कणसातील जटा म्हणजे गोसावी, असा भेद काही जण करतात. पण रोगकारक एकच, हे सारांशात स्पष्ट सांगावे. अन्यथा वाचक दोन रोगांसाठी दोन औषधे शोधत बसेल.

विचारणाकर्ता : आभारी आहे. ‘केवडा’ ठेवतो, मात्र पिकाच्या नावाशिवाय तो कोठेही एकटा येऊ देणार नाही.