पार्किन्सन्समधलं दुखणं आणि टेन्स मशीन: उपाय की नुसत्या झिणझिण्या?

रंकाळाकर:
आईला पार्किन्सन्स होऊन आठ वर्षं झाली. हाताच्या थरथरीचं तिला आता काही वाटत नाही. पण पहाटे तीनला तळपायांची आग सुरू होते आणि अख्खं घर उठून बसतं. नसांच्या दुखण्यावरची गॅबापेंटिन गोळी दिली तर दिवसभर गुंगी. एकदा मोरीत पडली. राजारामपुरीतल्या फिजिओताईंनी टेन्स (कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देणारं मशीन) लावलं, तर तासभर पायाला हात लावला नाही तिनं. माझं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाची गोळी वाढवायच्या आधी हे मशीन द्यावं. डॉक्टर साधा विषयही काढत नाहीत!

पुरावा_दाखवा:
कसा काढतील? मज्जातंतूंच्या दुखण्यावरचे टेन्सचे प्रयोग कॉक्रेनने (उपचारांचा पुरावा तपासणारी संस्था) २०१७ मध्ये एकत्र तपासले. पुरावा इतका कच्चा निघाला की उपयोग होतो की नाही, हेच ठामपणे सांगता येईना. शिवाय खोटं मशीन लावून तुलना करायची, तर झिणझिण्या येत नाहीत म्हणून पेशंटला लगेच कळतं. ताई तासभर शेजारी बसल्या, पायाला हात लावला, त्यानंच बरं वाटलं नसेल कशावरून?

तालमीतला_गडी:
आराम पडतोय तर पडू दे की भावा. कॉक्रेन पहाटे तीनला पाय चोळायला येतंय व्हय?

पुरावा_दाखवा:
येत नाही. पण मशीनवाला पैसे घ्यायला येतो.

फिजिओ_शाहूपुरी:
थोडं माझंही ऐका. गुडघा आपटला की आपण आपोआप चोळतो ना? स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेची वाट अडते, असं मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. टेन्स त्यावरच बेतलेलं आहे. नेहमीची सेटिंग ८० ते १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा करंट. २ ते ४ हर्ट्झवर ठोके दिल्यासारखं लागतं. मशीन बंद केलं की बऱ्याचदा आराम ओसरतो, हे मी पेशंटला आधीच सांगते. आजार तर यानं तसूभर हलत नाही.
एक मात्र कराच. तळपाय बधिर आहेत का बघा. बधिर कातडीवर पॅड लावला की करंट वाढवत नेतात आणि चट्टा उठतो. पेसमेकर किंवा मेंदूत बसवलेलं डीबीएस (मेंदूला करंट देणारं यंत्र) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गळ्यावर पुढून तर कधीच नाही.

पुरावा_दाखवा:
हे पटलं. आता माझा खरा प्रश्न. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, रात्रीची शेवटची गोळी किती वाजता? तिचा असर उतरला की पार्किन्सन्समध्ये पाय आखडतात, दुखतात. शिवाय साखर आणि बी-१२ तपासलंय का? लेव्होडोपा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडतं, आणि त्यानंही तळपायांची आग होते. दुखणं कुठलं हे न बघता पॅड चिकटवायचे?

रंकाळाकर:
शेवटची गोळी आठला. बी-१२ कधीच केलं नाही, आम्हाला कुणी सांगितलंही नाही. सोमवारी रक्त देतो आणि गोळीच्या वेळेचं डॉक्टरांना विचारतो. पण तोवरच्या रात्रींचं काय? शेजाऱ्यांचं मशीन उसनं आणलंय. काल कापसाचा बोळा फिरवून बघितला. उजव्या अंगठ्याला कळतच नाही तिला. पॅड पोटरीवर लावला, साडेतीनला झोपली.

तालमीतला_गडी:
आन तुम्ही?

रंकाळाकर:
मी पाचला.