मानसिक आजाराचं निदान आणि मेडिक्लेम: फॉर्मवर लिहायचं की लपवायचं?

पाषाणवासी
माझी मावसबहीण हिंजवडीत नोकरी करते. तिला झोप लागत नाही आणि सकाळी कॅबमध्ये बसलं की छातीत धडधडतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे चल म्हटलं तर म्हणते, "एकदा रेकॉर्डला लागलं की मेडिक्लेम विसरा." हे तिला एजंटने सांगितलंय. वर त्याचा सल्ला असा की गेलीसच तर रोख पैसे दे आणि फॉर्मवर 'आजार नाही' लिही.

मला हा सल्ला घातक वाटतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही द्यावा, असं त्याचं कलम २१ सांगतं. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे रुग्णाच्या बाजूने निकाल दिला: मानसिक उपचारांपुरती वेगळी, तुटपुंजी मर्यादा घालता येणार नाही. कायदा बाजूने असताना खोटं कशाला लिहायचं? लिहा आणि हक्काने मागा.

तिसरी_पाळी
कायदा मान्य, पण तो पॉलिसी हातात आल्यावरचा. अर्जच नाकारला तर? माझ्या भावाने फॉर्मवर नैराश्य आणि चालू असलेली गोळी, दोन्ही खरं लिहिलं. एका कंपनीने थेट नकार कळवला, दुसरीने हप्ता वाढवून सांगितला. कोणाला घ्यायचं आणि किती हप्त्याने, हे ठरवायला कंपनी मोकळी असते. प्रामाणिक माणूस दाराबाहेर उभा आणि लपवणारा आत! एजंट चुकीचं बोलत असेल, पण त्याला रोज काय दिसतं तेच तो बोलतोय.

क्लेमवाला_कर्वेनगर
मी बरीच वर्षं क्लेमच्या फायली तपासल्या आहेत, म्हणून दोघांनाही थोडं सांगतो.

लपवलेलं सापडतं. ॲडमिशनच्या वेळी हाउसमन, म्हणजे वॉर्डातला ज्युनियर डॉक्टर, विचारतो, 'आधी काही गोळ्या?' घाबरलेले नातेवाईक सगळं सांगतात आणि ते केस पेपरवर उतरतं. आजार मनाचा असावा लागत नाही. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या क्लेममध्येही जुनी माहिती दडवल्याचा मुद्दा काढतात आणि कधीकधी पॉलिसीच रद्द करतात. लिहिलं असेल तर तोच आजार 'आधीपासूनचा' धरून त्याला प्रतीक्षा काळ लागतो, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ होता. बाकीच्या आजारांना त्याचा फटका बसत नाही. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही म्हणून क्लेम अडवता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो.

तिसरी_पाळी
मग पाच वर्षं गप्प बसलं की झालं ना?

क्लेमवाला_कर्वेनगर
नाही. गोळ्या चालू असताना 'नाही'वर खूण करून खाली सही केली, तर त्यालाच फसवणूक म्हणतील. आणि पाच वर्षांत आजारी पडणार नाही याची हमी कोण देणार?

मुठेकाठची
मी समुपदेशक आहे. तुमची सगळी चर्चा फॉर्मवर चाललीय, पण खर्च कुठे होतो ते बघा. चिंता, नैराश्य यांची बहुतेक माणसं ॲडमिट होतच नाहीत. दर महिन्याची तपासणी, आठवड्याची थेरपी, गोळ्या हे सगळं ओपीडीत. बहुतेक साध्या पॉलिसी ॲडमिट झाल्यावरचाच खर्च देतात. म्हणजे निदानाची नोंद होते, हप्ता वाढू शकतो आणि थेरपीचे पैसे खिशातूनच जातात. 'शारीरिक आजाराच्या धर्तीवर' हे शब्द इथे अपुरे पडतात, कारण शारीरिक आजाराचीही ओपीडी मिळत नाही! मधुमेहाचं तरी लोक उघडपणे सांगतात, इथे माणूस दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरतो. विम्याच्या भीतीने सहा महिने थांबलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा नोकरी सुटायच्या बेतात असते. हे मला फार लागतं.

पाषाणवासी, बहिणीला विचारा, कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे का? त्यात सहसा वैयक्तिक आरोग्यप्रश्नावली नसते आणि आधीपासूनचे आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. तिने उपचार आजच सुरू करावेत.

तिसरी_पाळी
ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर जाते, ताई. आणि नोकरी सुटते तेव्हाच माणूस सगळ्यात खचलेला असतो. तेव्हा नवीन फॉर्म भरायचा तो निदानासकटच.

मुठेकाठची
खरं आहे. म्हणून नोकरीत असतानाच स्वतःची वेगळी पॉलिसी घ्या म्हणते मी, सगळं लिहून. नकार आला तर तो लेखी मागा, कारणासकट. २०२३ मध्ये विमा नियामकाने (आयआरडीएआय) कंपन्यांना अपंग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी खास पॉलिसी ठेवायला सांगितलंय, तीही विचारा.

पाषाणवासी
आज रात्री तिच्याशी बोलतो. तिसरी_पाळी, लपवण्याला माझा विरोध कायम आहे, पण प्रामाणिकपणाची किंमत भावाला मोजावी लागली हे खोटं नाही. कंपनीचा नकार लेखी आलाय का?

तिसरी_पाळी
एका ओळीचा ईमेल आहे, कारण नाही.

क्लेमवाला_कर्वेनगर
मग आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहून कारण मागा. फॉर्मची प्रत, ईमेल, डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र ठेवा. एक लक्षात घ्या, नवा अर्ज नाकारणं आणि चालू पॉलिसीतला क्लेम नाकारणं या वेगळ्या गोष्टी आहेत. क्लेम अडला आणि कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकीलही लागत नाही.