राणीच्या बागेतला तुमचा दिवस

गेल्या आठवड्यात मुलांना घेऊन राणीच्या बागेत जाऊन आलो. मुलगी चार वर्षांची, तिची पहिलीच खेप. घरातून निघाल्यापासून ‘पेंग्विन, पेंग्विन’ असा जप चालला होता. आणि रात्री आजीच्या कुशीत शिरून तिने सांगितलं काय, तर “आजी, पाणघोड्याने एवढ्ढी मोठी जांभई दिली!” पेंग्विनचं नावही नाही.

तेव्हापासून माझ्या मनात घोळतंय की मला स्वतःला लहानपणचं काय आठवतं. वाघ-सिंह नक्की पाहिले असणार, पण ते पार पुसले गेलेत. आठवते ती हत्तीवरची फेरी, आणि त्यातही हत्तीच्या मानेवरचे काटेरी, राठ केस. पोटरीला टोचत होते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मावशीचा हात सुटला होता ते. सासूबाईंना आठवतात नुसती झाडं.

१८६२ पासूनची ही बाग. तिचं आजचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण घरोघरी ती राणीचीच बाग. एकेका घरातल्या चार-चार पिढ्या तिथे गेल्या असतील. म्हणून विचारते: तुम्ही कोणाबरोबर गेलात, काय बघायला गेलात आणि लक्षात काय राहिलं? अगदी मोकळेपणाने लिहा, तुमच्या आठवणी इथेच खाली एकेक करून देत जाईन.

लहान मुलांच्या आईबाबांसाठी माझ्याकडून थोडं. भायखळ्याला पूर्वेकडे उतरून चालत जाता येतं. आईवडील आणि दोन मुलं असं चौघांचं एकत्र तिकीट १०० रुपयांचं आहे. सकाळी बाग उघडली की आधी पेंग्विन बघून घ्या, नंतर रांग वाढत जाते. आणि सगळं बघायचंच असा हट्ट धरू नका. आम्ही पाणघोड्यापाशी पाऊण तास होतो.

* * *

मी लालबागची. वडील गिरणीत होते, त्यामुळे आमची बाग रविवारची. आम्ही सहा भावंडं, शेजारची दोन-तीन, आणि आईच्या हातात पुऱ्या-बटाट्याच्या भाजीचा मोठा डबा. चालतच जायचो.

वडील प्राण्यांकडे फारसे जायचे नाहीत. ते आम्हाला आधी काळ्या घोड्यासमोर उभं करायचे. घोड्यावर इंग्लंडचा राजा, सातवा एडवर्ड. “हा पूर्वी कोटात, म्हणजे फोर्टमध्ये होता,” ते सांगायचे. “पासष्ट साली इथे आणला. घोडा गेला, पण तिथल्या जागेला लोक अजून काळा घोडाच म्हणतात.” दर खेपेला तेच, त्याच शब्दांत. आम्ही पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायचो आणि ते हसायचे.

२०१७ साली कोटातल्या त्या जागी नवा काळा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार नाही. मी नातवाला मुद्दाम दोन्ही घोडे दाखवले, आधी तो, मग बागेतला. नातू बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आजी, तो बिचारा एकटा आहे ना तिकडे?” वडील असते तर त्यांनी याला खांद्यावर घेतलं असतं.

* * *

डोंबिवलीहून दोन मुलं, नणंद, तिची जुळी, पाण्याच्या बाटल्या, टोप्या असा सगळा लवाजमा घेऊन पोचलो आणि फाटक बंद. बुधवार होता. बाग बुधवारी बंद असते आणि आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच. जुळ्यांपैकी एकीने जो टाहो फोडला तो अजून कानात आहे. शाळेला सुट्टी म्हणून निघालात तरी वार बघा, एवढंच सांगायचंय.

* * *

वर कोणाच्या तरी सासूबाईंना झाडं आठवतात हे वाचून फार बरं वाटलं. मला वाटतं राणीची बाग ही आधी झाडांचीच बाग आहे. तिची सुरुवातच वनस्पती उद्यान म्हणून झाली, आणि आज मोठमोठे वृक्ष मोजले तर तीन हजारांच्या वर जातील. मुंबईच्या मधोमध!

मी दर वर्षी भाच्यांना घेऊन जाते ती झाडांसाठी. पिंजऱ्यांकडे नंतर वळायचं असा आमचा करार असतो. पहिला मान गोरखचिंचेचा. बुंधा असा की पोरांनी हाताला हात धरून कडं केलं तरी वेढा पुरा होत नाही. एका वर्षी पाचजण होते, पुढच्या वर्षी सहा, तरी तेच. आता त्यांनी शाळेतल्या मित्रांची नावं काढून ठेवली आहेत.

मग कैलासपती. त्याची फुलं फांद्यांच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या दोऱ्यांवर येतात. खाली पडलेलं एखादं फूल उचलून मुलांच्या तळहातावर ठेवा. गुलाबी, जाडसर पाकळ्या, आत पांढऱ्या-पिवळ्या केसरांची पिंड आणि तिच्यावर वाकलेली फणी. वास इतका दाट की बोटांना दुपारपर्यंत राहतो. धाकट्या भाच्याने ते फूल खिशात घातलं आणि घरी येईपर्यंत त्याचा काळा लगदा झाला. तरी टाकू देईना.

आणि उर्वशी. मूळ म्यानमारची, आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी दिसते. फुलली असेल तर तुमचं नशीब. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबत असतात आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिच्याखाली किती वेळ उभी होते ते मला सांगता यायचं नाही.

२००७ मध्ये बागेचं रूप बदलायचा मोठा आराखडा आला तेव्हा याच झाडांसाठी सामान्य माणसं उभी राहिली. झाडं मोजली, नोंदी केल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मी त्यांच्यात नव्हते याची खंत आहे. गोरखचिंचेखाली उभी राहिले की त्यांची आठवण येतेच.

* * *

आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. गर्दी, भोंगे, अचानक झालेला आवाज त्याला सहन होत नाही. त्यामुळे सहली म्हटलं की आम्ही दोघं आधीच धास्तावतो. मंगळवारी सकाळी, शाळा चालू असतानाचा दिवस निवडून गेलो.

पेंग्विनच्या दालनात अंधार, गारवा, निळा उजेड. मला वाटलं तो घाबरेल. तो सरळ काचेपाशी जाऊन बसला. डोक्यावर लाल टोपी होती. पाण्यातला एक पेंग्विन त्याच्यासमोर आला, थांबला. याने मान डावीकडे केली, तो डावीकडे गेला. उजवीकडे केली, तो उजवीकडे. काचेच्या अलीकडे-पलीकडे दोघांचं हे किती तरी वेळ चाललं होतं. मग माझ्या मुलाने काचेवर तळहात टेकवला. हसला. हिने माझा दंड घट्ट धरला होता, तो तिने सोडलाच नाही.

हे पेंग्विन बर्फातले नाहीत, हे मला तिथे कळलं. हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ च्या जुलैत सेऊलहून आणले. मुलाला आकडे आवडतात म्हणून घरी येऊन सगळं लिहून काढलं. ते पान त्याच्या पलंगाजवळ चिकटवलेलं आहे.

अशा मुलांच्या आईबाबांना सांगेन, सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. आणि कानांवर लावायचं काही असेल तर बरोबर ठेवा, लागेलच असं नाही.

* * *

संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती कोणी मुलांना दाखवता का? घारापुरीचा हत्ती तो. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तिथून हलवताना तो कोसळून फुटला आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला. मी विद्यार्थ्यांना सांगतो, सांधे शोधा. पोरं अशी काही शोधतात की विचारू नका. एक मुलगी म्हणाली, “सर, याला टाके घातलेत.” इतिहासाच्या तासाला मला इतकं चांगलं वाक्य कधी सुचलं नव्हतं.

* * *

लहानपणी एका प्राणिसंग्रहालयात (कुठलं ते राहू दे) गजांआड येरझारा घालणारा सिंह पाहिला होता. चार पावलं, वळण, चार पावलं. रात्री झोप लागली नाही. त्यानंतर अशा जागी पाऊल टाकलं नाही. मुलीने फारच आग्रह केला म्हणून राणीच्या बागेत गेलो. शक्ती आणि करिश्मा या वाघांची जोडी २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आणली, २०२१ मध्ये त्यांना वीरा नावाची बछडी झाली, हे मुलीला तोंडपाठ. काचेपलीकडे वाघ पाण्यात बसला होता, डोळे मिटून. मुलगी खूश. माझ्या मनातला तो जुना सिंह मात्र गेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. येताना आम्ही दोघं यावरच बोलत आलो. दहा वर्षांच्या मुलीशी इतकं मनापासून मी पहिल्यांदाच बोललो असेन.

* * *

माझी आठवण सहलीची नाही. मी नऊ वर्षांची होते, बाबा जवळच्याच एका रुग्णालयात दाखल होते. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत. मग आत्या बाबांपाशी बसायची आणि आई मला आणि भावाला राणीच्या बागेत आणायची. तेव्हा तिकीट स्वस्त होतं, आणि सावली होती.

आई बाकावर बसून राहायची. प्राणी तिने बघितलेच नसतील. मला तिने काम दिलं होतं, हरणं मोजायचं. बाबांना चिठ्ठीतून कळवायचं म्हणून. हरणं हलायची, एकामागे एक जायची, मी परत पहिल्यापासून मोजायची. ‘आज चोवीस.’ ‘आज बावीस, दोन झोपली असतील.’ आत्या चिठ्ठी वर न्यायची. येताना उलट्या बाजूला बाबांचं उत्तर असायचं, एकाच शब्दाचं, ‘शाबास’.

सव्वा महिन्याने बाबा घरी आले. अंगात जरा ताकद आल्यावर म्हणाले, चल, दाखव तुझी हरणं. कुंपणाला धरून ते उभे राहिले, ओठ हलत होते. दोनदा मोजली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तेवीस आली गं. तू मोज बरं एकदा.”