अनुभव धागा: आतल्या गोव्यातून लांबची सायकलफेरी न्यायची आहे, आधी काय काय करता?

किनाऱ्याकडच्या रस्त्यावर दर दोन किलोमीटरला गाडा, दुकान, पंक्चरवाला भेटतो. तिथे म्होरक्या नसला तरी चालतं. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण इकडे वळलं, किंवा चोर्ला चढून कणकुंबी-जांबोटी-खानापूर करत अनमोडने मोल्याला उतरायचं म्हटलं, की दहा जणांची फेरी ही म्होरक्याने घरी बसून केलेल्या हिशेबावर चालते. ज्यांनी असे गट नेले आहेत त्यांना खास बोलावणं. एकच विनंती: पडलो-झडलो, पाऊस लागला, मजा आली हे दुसऱ्या धाग्यात. इथे मापं, क्रम आणि कारणं द्या. नवख्या म्होरक्याला छापून खिशात ठेवता आलं पाहिजे.

वाळपईकर

सुरुवात नकाशाने नको, वेळेने करा. सामानासह मिश्र गटासाठी माझं गणित असं: सपाटीला ताशी 15 किलोमीटर, वर चढाच्या दर 100 मीटरला 15 मिनिटं जादा, आणि दर तासाला 10 मिनिटं थांबा. समजा टप्पा 20 किलोमीटरचा आहे आणि चढ 700 मीटरचा, म्हणजे साधारण केरीहून चोर्ला. अंतराची 80 मिनिटं, चढाची 105, थांबे धरून साडेतीन तास. नकाशावर 20 किलोमीटर बघून 'दीड तासात वर' म्हणणारा म्होरक्या सगळ्यांना अकराच्या उन्हात घाटाच्या मधोमध उभा करतो. केरी पहाटे सहाला सोडली तर साडेनऊला वर.

डिसेंबरात सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं. म्हणून मुक्कामाची वेळ चार धरा. पाच ही उशिराची वेळ, सहा ही चूक.

पाहणी दोनदा. एकदा दुचाकीवरून, एकदा सायकलवरून. दुचाकीवरून सात टक्क्यांचा चढ कळतच नाही आणि खडी उखडलेला उतार तर अजिबात नाही. पाहणीच्या वहीत प्रत्येक टप्प्याला लिहायचं: पाणी कुठे (आणि एप्रिलमध्येही असतं का, झऱ्यांवर विसंबू नका), दहा सायकली रस्त्याबाहेर उभ्या राहतील अशी सावली कुठे, मोबाईलला रेंज शेवटची कुठे आणि परत कुठे, पिकअप वर येऊ शकेल असा फाटा कुठे, कॉजवे कुठे. कॉजवेवरून पाणी वाहत असेल तर सायकल खांद्यावर घेऊनही ओलांडायचं नाही. त्या दिवसाचा दुसरा रस्ता वहीत आधीच हवा.

आऊटकाढ्या

मी फक्त सायकलींबद्दल.

निघण्याच्या तीन आठवडे आधी सगळ्यांच्या सायकलींचा तक्ता करा: रिमचं माप, व्हॉल्व्ह कुठला, मागे किती गिअर, ब्रेक कुठला, हँगर कुठला. तीन आठवडे अशासाठी की हँगर मागवायला वेळ लागतो. मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) ज्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर मुद्दामच मऊ असतो. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो वाकतो, फ्रेम वाचते. पण वाकलेला हँगर घेऊन कुणी सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर थेट स्पोकमध्ये. बहुतेक फ्रेमचे हँगर वेगळे, कुणाचा कुणाला सहसा बसत नाही, गावात तर मिळतच नाही. तेव्हा प्रत्येकाने आपापला एक सीटखाली बांधून आणायचा. टेम्पोत सायकली रचताना डावी बाजू खाली. हे एवढं पाळलं तरी निम्मे हँगर वाचतात.

टायर. 700 आणि 29 यांचं रिम एकच, 622 मिलिमीटर. 27.5 चं 584, 26 च्या माउंटन सायकलचं 559. गावच्या दुकानात टांगलेला 28 बाय दीडचा टायर 635 चा असतो. आकडा मोठा म्हणून 'बसेल' वाटतं, बसत नाही, रिमवर सैल फिरतो. म्हणून गटात जी मापं आहेत त्या प्रत्येकाचा एक घडीचा टायर सामायिक सामानात. ट्यूब माणशी दोन. बारीक व्हॉल्व्हच्या रिमचं भोक 6.5 मिलिमीटर, जाड व्हॉल्व्हचं 8.5. म्हणजे उधारीची जाड व्हॉल्व्हची ट्यूब बारीक भोकात जाणारच नाही. पंपाला दोन्ही तोंडं हवीत, शिवाय पितळी अडॅप्टर दोन, कारण एक हरवतोच.

हवा: 40 मिलिमीटरचा टायर, 75 किलोचा माणूस, 12 किलो सामान, तर मागे 50 पीएसआय, पुढे 45. डांबर संपून तांबडा खडीचा रस्ता लागला की पाच-पाच कमी. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर ते काट्याचं. काटा टायरमधून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, टायर आतून बोटाने (हळू!) चाचपायचा.

स्पोक बहुधा मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा तुटतो, कारण ताण तिथे सगळ्यात जास्त. आणि नेमका तो बदलायला कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) उतरवावी लागते. एकतर कॅसेटचं लॉकरिंग काढायचा पाना घ्या, नाहीतर दोरीचा तात्पुरता स्पोक. तो कॅसेट न काढता ओवता येतो. स्पोक गेलाच तर शेजारचे दोन थोडे सैल करून चाकाचा आऊट (डुलणं) इतकाच काढा की रिम ब्रेकला घासणार नाही. रस्त्याकडेला बसून चाक अगदी सरळ करायच्या नादी लागू नका.

चेन: 12 इंची पोलादी पट्टी पिनेवर लावा. बारा इंचांवर पिन यायला हवी. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन अर्धा टक्का ताणली आहे, अकरा गिअरवाल्यांनी ती घरीच बदलावी. क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) गिअरच्या संख्येप्रमाणे वेगळी: 9 ची 11 ला नाही. प्रत्येक प्रकारच्या दोन. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांची तांबडी धूळ ओल्या तेलात मिसळली की वाटण होतं आणि चेन कानशीने घासल्यासारखी झिजते. कोरड्या दिवसांत मेणाचं वंगण, पावसात ओलं. लावायचं रात्री, पुसायचं सकाळी. सकाळी लावून लगेच निघणारे चेनला नाही, पायजम्याला तेल देतात.

ब्रेक: 700 मीटरचा उतार म्हणजे ब्रेकची परीक्षा. सतत दाबून धरू नका. जोरात दाबा, वेग खाली आणा, सोडा. रिम ब्रेकवाल्यांच्या रिमा तापतात, तेव्हा मध्ये एक थांबा ठेवाच. पावसात ओली रिम पहिले काही फेरे पकडत नाही, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी हलका ब्रेक. शिमानोच्या हायड्रॉलिकमध्ये मिनरल ऑइल, स्रामच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट ब्रेक फ्लुइड. एकात दुसरं घातलं तर सील फुगून ब्रेक जातो. पॅड प्रत्येकाचे आपापले, एक जोडी जादा. चिखलात ते दोन दिवसांत लोखंडापर्यंत येऊ शकतात.

बाकी किरकोळ: पाच मिलिमीटरचे बोल्ट दहा (कॅरिअर, बाटलीचा पिंजरा, सगळ्यांना तेच लागतात आणि कॅरिअरचेच गळतात), झिप टाय वीस, गिअरची केबल दोन, ब्रेकची एक, जुन्या टायरचा हातभर तुकडा. टायरची कड फाटली तर आतून तो तुकडा लावतात.

दोन पेडल

ट्यूबलेसवाल्यांना वेगळी ट्यूब कशाला?

आऊटकाढ्या

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) धारेने टायरची कड कापली जाते, तिथे सीलंट (ट्यूबलेस टायरमधला भोक बुजवणारा द्रव) वाहून जातं, भरत नाही. शिवाय आपल्या उकाड्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. निघण्याआधी चाक हलवून आवाज ऐका: खळखळ नसेल तर आत पापड आहे. ट्यूब घ्या. जुना व्हॉल्व्ह रिममधून काढायला पक्कडही घ्या, ती सगळे विसरतात.

पेज-लोणचं

पाणी. दमट हवेत चढावर माणशी ताशी पाऊण लिटर धरा. दहा जण, पाच तास: साडेसदतीस लिटर. एवढं घाटात कुणी आणून देत नाही, म्हणून चढाच्या पायथ्याशी माणशी तीन लिटर भरलेलं हवं आणि वर कुठे भरायचं ते आधी ठरलेलं हवं. तीन लिटर म्हणजे तीन किलो, हे सामानाच्या वजनात धरा, लोक धरत नाहीत.

नुसतं पाणी ढोसूनही माणूस ढेपाळतो, मीठ जातं. पाकिटं नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा तोच वापरा. अंदाजाने जास्त मीठ घातलं तर उलटी होते.

न्याहारीला उकड्या तांदळाची पेज आणि मीठातली कैरी. पोटाला हलकी, पाणी आणि मीठ एकदम. सुके तांदूळ माणशी 100 ग्रॅम घ्या, दुसऱ्यांदा वाढायला पुरतात. वाटेत खायला पोळी-भाजी नको, दुपारपर्यंत आंबते. पोयो (गोव्याचे कोंड्याचे पाव) सकाळी पदेराकडून (पाववाल्याकडून) घेतले तर संध्याकाळपर्यंत ठीक, दुसऱ्या दिवशी चामडं. खाजं (बेसनाच्या गूळ लावलेल्या कांड्या) उत्तम, वितळत नाही (पावसात गूळ पाझरतो, डबा घट्ट हवा). शेंगदाण्याची चिक्की माणशी दिवसाला चार तुकडे. चॉकलेट मार्चमध्ये आणू नका, पिशवी धुवावी लागते.

ओढ्याचं पाणी प्यावंच लागलं तर फडक्यातून गाळून उकळा, खळखळ उकळी एक मिनिट. क्लोरीनची गोळी टाकली तर अर्धा तास थांबा. तहानलेला माणूस दहा मिनिटांत पितो, म्हणून गोळ्यांची पिशवी म्होरक्याकडे.

मागचा दिवा

गट बारापेक्षा मोठा नको. बाराच्या वर दोन गट, दोन म्होरके, अर्ध्या तासाच्या अंतराने.

सगळ्यात मागचा माणूस म्होरक्याइतकाच जाणता हवा. त्याच्याकडे पंप, ट्यूब, चेन जोडायचं हत्यार आणि प्रथमोपचाराची पेटी. पेटी पुढच्याकडे ठेवण्यात अर्थ नाही, पडलेला माणूस नेहमी त्याच्या मागेच असतो. मागच्याच्या पुढे कुणीही थांबलं तर त्याने थांबायचं, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. लघवीला जाणाराही सायकल रस्त्याच्या कडेला दिसेल अशी ठेवून जातो, नाहीतर मोजणी चुकते.

फाट्याचा नियम: वळण आलं की मागचा माणूस दिसेपर्यंत वळायचं नाही. तो दिसला, त्याने हात केला, मग पुढे. बाराजणांत हा नियम पाळला तर फोनची गरज लागत नाही, आणि नेत्रावळी-खोतीगावकडे रेंज नसताना हाच उपाय उरतो. मोबाईलवर रस्ता ऑफलाइन उतरवलेला किमान तिघांकडे, आणि एक कागदी नकाशा प्लास्टिकमध्ये.

अनमोडच्या रस्त्यावर ट्रक फार. एकेरी रांग, दोघांत चार-पाच सायकलींचं अंतर, आणि चार-चारच्या तुकड्या, म्हणजे ट्रकला मध्ये शिरायला जागा राहते. बारांची सलग रांग केली की ट्रकवाला एका दमात ओलांडायला बघतो आणि समोरून दुसरा येतो.

वेग हळू माणसाच्या चढावरच्या वेगाने ठरवा. तो कोण ते पाहणीच्या आधीच्या रविवारी कळतं: सगळ्यांना सामान लादून 50 किलोमीटर न्या. ज्याच्याकडे पुढे-मागे सारख्या दातांचा गिअर नाही (34 ला 34 असा), त्याला घाटात उतरून ढकलावं लागेल हे त्याला आधी सांगा. ढकलणं लाजेचं नाही, पण त्याचा वेळ धरा: ताशी चार किलोमीटर.

सांगेकर डॉक्टरीण

प्रत्येकाचा एक कागद: वय, रक्तगट, चालू औषधं, अॅलर्जी, घरचा फोन. एक प्रत मागच्याकडे, एक घरी थांबलेल्या माणसाकडे. घरी थांबलेल्याचं काम एकच: ठरलेल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा ते त्याला ठाऊक हवं. रुग्णवाहिका 108.

माकडताप: सत्तरीत 2015 पासून नोंद आहे. हिवाळ्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत धोका जास्त. गोचिडीने पसरतो. पाचोळ्यावर बसायचं नाही, लांब पँट मोज्यात खोचायची, उघड्या त्वचेला डीटचं (किडे दूर ठेवणारं) मलम, संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे तपासणी. गोचीड चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, तेल-आगकाडी नाही. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. फेरीनंतर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना 'रानात गेलो होतो' हे न विचारता सांगायचं.

साप चावला: बसवा, हालचाल बंद, अंगठी-कडं काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर करा (गुंडाळलेली झोपायची चटई चालते), वेळ लिहा, गाडीने रुग्णालय. आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. त्या माणसाला सायकल चालवत आणू नका, विष लवकर पसरतं.

डोक्यावर पडला आणि हेल्मेटला चीर गेली, तर तो ठीक दिसला तरी त्या दिवशी सायकल बंद. उलट्या, तोच प्रश्न परत परत विचारणं, झोप येणं: थेट रुग्णालय.

उन्हात असंबद्ध बोलायला लागला तर पाणी पाजत बसू नका. सावली, अंगावर पाणी, वारा घाला, गाडी बोलवा.

कुळे-कॅसलरॉक

सार्वजनिक रस्ता सोडून अभयारण्याच्या आत जायचं असेल (मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव) तर 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते. लेखी घ्या, त्यावर माणसांची आणि सायकलींची संख्या, तारखा लिहून घ्या. रानात तंबू ठोकायचा विचार सोडा. मुक्काम गावात, देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत). कमिटीला आठवडाभर आधी विचारा, माणसं किती, बायका किती, जेवण हवं की नाही, हे सांगा. मांस-मद्य नाही हे गटाला निघण्याआधीच सांगा, तिथे पोचल्यावर नव्हे.

पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर असतात. रस्त्यात उभा असला तर थांबा, बोलू नका, घंटी वाजवू नका, शंभर पावलं मागे राहा. तो जातो. कळपात वासरू असेल तर त्याच्या आणि आईच्या मधून जायचं नाही.

बाहेर पडायची वाट: मडगाव स्टेशनवरून सायकल पार्सलने पाठवता येते, पण पार्सल ऑफिसच्या वेळा आधी विचारा आणि नाव-पत्ता कापडी चिठ्ठीवर लिहून फ्रेमला शिवा, कागदी चिठ्ठी टिकत नाही.

वाळपईकर

एक राहिलं. निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या पिशव्या काट्यावर टांगा. माणशी 12 किलोच्या वर गेलं तर तिथेच काढायला लावा. डाव्या-उजव्या पिशवीत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक असेल तर उतारावर हँडल थरथरतं. जड सामान खाली, चाकाच्या आसाजवळ. टाच पिशवीला लागते का ते पेडल फिरवून बघा, लागत असेल तर पिशवी कॅरिअरवर थोडी मागे.