प्रतिसाद: पोपटराव पवार आणि हिवरे बाजार
काही जण म्हणतात की एकच माणूस तीस वर्षं गावचा कारभार बघतो म्हणजे मक्तेदारी, हे सरसकट पटत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचं बघा ना. १९८९ ला पोपटराव पवार तिथले सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळी, लोकं कामासाठी बाहेर जायची, दारू, भांडणं सगळंच होतं. पाण्याचं काम एका टर्ममधे होतच नाही हो, डोंगरावर चर खणायचे, झाडं लावायची, ती जगवायची आणि मग भूजल वर यायची वाट बघायची, यात पाच वर्षं कधीच निघून जातात आणि नवीन माणूस आला की पहिल्याचं काम बंद!

मला सगळ्यात भारी वाटतं ते पाण्याचं बजेट. दरवर्षी पाऊस मोजायचा, ग्रामसभेत हिशोब मांडायचा, आधी पिण्याचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरेल त्यावर पिकं ठरवायची. ऊस, केळी नाही, शेतीला बोअर नाही. स्वतःच्या रानात बोअर घेऊ नको हे शेतकऱ्याला सांगायला किती विश्वास कमवावा लागत असेल, आणि तो टिकवायचा पण. कुऱ्हाडबंदी (झाडं तोडायची नाहीत), चराईबंदी (गुरं मोकळी चरायला सोडायची नाहीत) पण तशीच.

२०२० ला पद्मश्री जाहीर झाली, चांगलंच झालं. पण २०२१ ला गावात बऱ्याच वर्षांनी बिनविरोध न होता मतदान झालं आणि त्यांचं पॅनल निवडून आलं, मक्तेदारी म्हणणाऱ्यांनी हे पण बघावं. बाकी पुढची फळी तयार आहे का हा प्रश्न मात्र रास्त आहे, त्यावर कोणाला माहिती असेल तर जरूर लिहा.